दर्याकडे पाठ

बोर्ड काखेत धरायचा की डोक्यावर घ्यायचा, यावरून सुरुवातीलाच वाद झाला. नऊ फुटी फोमचा सर्फिंगचा बोर्ड. माझा हात त्याच्या पलीकडच्या कडेला पोचतच नव्हता. वहिनीने ओढणीची चुंबळ केली, बोर्ड डोक्यावर चढवला आणि गवताचा भारा न्यावा तशी गोव्यातल्या केरीच्या सुरूच्या बनातून चालू लागली. भाचा मागून ओरडत होता, "मामी, तसं नाय नेत गो!" मामी पोचलीसुद्धा.

आम्ही पाच जण होतो. मी, वहिनी, माझ्या ऑफिसातल्या दोघी आणि हा भाचा. तो हरमलला सर्फिंग शिकवतो. पाऊस सरला की परदेशी पाहुण्यांना उभं करतो, मग घरच्यांनी काय घोडं मारलंय, असं मी दिवाळीत बोलून गेले आणि त्याने ते मनावर घेतलं. दोन दिवस, केरीपासून मोरजीपर्यंत, जिथे लाट बरी दिसेल तिथे उतरायचं. फी एवढीच की रविवारी संध्याकाळच्या आत त्याला ऊस आणून द्यायचा, कारण द्वादशीला तुळशीचं लग्न. आमच्याकडे ती व्हडली, म्हणजे मोठी दिवाळी, तिथे बोर्ड-बिर्ड काही चालत नाही.

शनिवारी प्रबोधिनी एकादशी होती. भाचा मोबाईलवर भरतीची वेळ शोधत बसला, तोवर मी हिशेब करून मोकळी झाले. तिथीची पाऊणपट करायची. अकराची पाऊणपट सव्वाआठ. ॲपमध्ये आणि माझ्यात अर्ध्या तासाचा फरक निघाला. हे गणित बाबांचं. अख्खी किनारपट्टी त्यावर होड्या लोटत आली आहे.

पहाटेच का जायचं, तेही मला आधीच ठाऊक होतं, फक्त त्याचा लाटेशी संबंध कधी जोडला नव्हता. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. तो येणाऱ्या लाटेला समोरून थोपवतो, त्यामुळे ती लगेच कोसळत नाही, भिंतीसारखी उभी राहते. दहा-अकरानंतर समुद्रावरून खारा वारा सुटला की सगळं पाणी खडबडीत. मतलईला भाचा 'ऑफशोअर' म्हणतो. म्हणू दे.

वाळूवरचा धडा अर्ध्या तासात उरकला. पोटावर झोपा, हाताने वल्हवा, छाती उचला, पाय पोटाखाली घ्या, उभे राहा. वाळूवर आम्ही सगळ्याच चॅम्पियन. मग कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर तो म्हणाला, "आता बोर्डाचं तोंड किनाऱ्याकडे करून झोप. लाट मागून येईल."

इथे मी अडकले. आमचं घर पालयेत, समुद्र चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पोहायला शिकले ते विहिरीत, कमरेला सुक्या नारळांची जोडी बांधून. समुद्रात मात्र घोट्याच्या वर जायचं नाही आणि "दर्याक पाठ करू नको गो बाय", हे बाबांनी इतक्या वेळा सांगितलंय की वाळूत बसून भेळ खातानासुद्धा मी तोंड पाण्याकडेच ठेवते. आणि ह्या खेळाची सुरुवातच पाठ करण्यापासून! मी सारखी मान वळवून बघायची. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की बोर्ड कलंडतो. नऊ-दहा वेळा नाकातोंडात खारं पाणी. एकदा बोर्डाखालचा पंखा नडगीवर बसला, तिथे अजून हिरवं-निळं आहे.

वैतागून मी जरा बाजूला, शांत पाणी दिसलं तिथे सरकले. लाटा दोन्हीकडे फुटत होत्या, मध्ये मात्र छान सपाट पट्टा. भाच्याची शिट्टी वाजली. मी बघते तर किनाऱ्यावरची आमची पिवळी पिशवी लहान होत चाललेली. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागातून ते ओढीने बाहेर निघतं, आणि तिथे खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही. म्हणजे सगळ्यात निवांत दिसणारी जागा सगळ्यात वाईट. (लाट फुटायला पाणी तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरावं लागतं, हे मला नंतर कळलं.) बोर्डावर पडून राहिले, किनाऱ्याला समांतर वल्हवत आडवी आडवी निघाले आणि फेसाच्या पाण्यात आल्यावर सुटले. तेरेखोल नदीच्या मुखाकडे तो आम्हाला का फिरकू देत नव्हता, तेही उमगलं. ओहोटीला तिथली ओढ ह्याच्या कितीतरी पट असते.

बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे होते. दोराची दोन टोकं, दोन्हीकडे रांगा. त्यांची जागा सोडून आम्ही लांब सरकलो होतो, तरी एक म्हातारा दोर सोडून आमच्याकडेच बघत होता. त्याच्यादेखत वहिनी उभी राहिली. पहिल्याच दिवशी, उपाशीपोटी. गुडघाभर लाट होती, पण किनाऱ्यापर्यंत आली. म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत दोर धरला.

मी रविवारी उभी राहिले, मांद्रेला. मान वळवायची नाही म्हणून दात आवळून समोरच्या एका माडाकडे बघत राहिले. मागून आवाज आला, बोर्ड शेपटाकडून उचलला गेला आणि मी उभी. तीन सेकंद असतील. माड जवळ येताना दिसला.

खाण्याचं सांगायचं तर वहिनीने एकादशी उकडलेल्या कणगीच्या कंदांवर आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर काढली, आम्ही हरमलच्या एका हॉटेलात पाव-पातळभाजी दोनदा मागवली. मोरजीला तेंबवाड्यावर बोर्ड खालीच उतरवले नाहीत. कासवं अंडी घालायला येतात तो पट्टा, नोव्हेंबरपासून हंगाम लागतो. भाचा म्हणाला, इथे नको, आणि कुणी वाद घातला नाही.

ऊस मिळाला पेडण्यात. गाडीच्या टपावर बोर्डांबरोबर बांधला.

संध्याकाळी पालयेत तुळशीपुढे अंतरपाट धरायला माझे हात खांद्याच्या वर जाईनात. बाबांना मोबाईलवर ते तीन सेकंद दाखवले. आधी चष्म्याशिवाय, मग चष्मा लावून. पाठीचं काही बोलतील म्हणून मी तयारीत होते.

"आज द्वादशी," ते म्हणाले. "म्हणजे नवाची भरती. तोवर ऊन चढता. दशमीक जाऊक व्हया होता, साडेसाताची."