कोग्गलाच्या पाण्यावर अर्धा तास

गॉलचा किल्ला पाहिला, तटावर गर्दीत उभं राहून सूर्यास्तही पाहिला. त्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं एवढंच. श्रीलंकेला मी गेलो होतो ते कोग्गलाच्या सरोवरासाठी.

तिथला प्रत्येक नावाडी आपल्याला दालचिनीच्या बेटावर नेऊ पाहतो. मी म्हटलं, बेट नको, मोकळ्या पाण्यात ने आणि इंजिन बंद कर. त्याला नवल वाटलं, पण नेलं.

4 एप्रिल 1942 ला दिवस उजाडण्याआधी याच पाण्यावरून कॅनडाच्या हवाई दलातल्या 413 स्क्वाड्रनचं कॅटलिना हे पाण्यावरून उडणारं विमान टेहळणीला उडालं होतं. खाली होडीचं पोट आणि त्याच्यावर उंच धरलेला 32 मीटरचा एकच लांब पंख. पाण्याचे फवारे लागू नयेत म्हणून दोन्ही इंजिनं त्या पंखावर. वेग जेमतेम ताशी 200 किलोमीटर, पण दम असा की पुढे 1943 पासून ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून कॅटलिना न थांबता इथे येत. तीसेक तासांच्या त्या प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा. शेपटीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना काचेचे फुगे असत. त्यांत बसून माणसं तासन्‌तास नुसतं पाणी बघत राहायची.

त्या दिवशीच्या विमानाचे वैमानिक लेनर्ड बर्चल आणि त्यांचे आठ सहकारी दिवसभर तेच करत होते. परतायच्या बेतात असताना, लंकेच्या दक्षिणेला सुमारे 600 किलोमीटरवर, क्षितिजावर ठिपके दिसले. तिथूनच मागे फिरता आलं असतं. ते जवळ गेले, जहाजं मोजायला. मला हे मोजणं विसरता येत नाही. समोर पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या जपानी ॲडमिरल नागुमोंचं आरमार, त्यात पाच विमानवाहू जहाजं, आणि यांच्याकडे हे संथ विमान. संदेश तीनदा पाठवायचा नियम होता. तिसऱ्यांदा पाठवत असताना जपानी झीरो विमानांच्या माऱ्यात वायरलेस निकामी झाला. विमान समुद्रात पडलं. नऊपैकी सहा जण वाचले, ते युद्धकैदी झाले. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बॉम्ब पडले, पण तोवर बंदरातली बरीच जहाजं बाहेर काढता आली होती.

हे सगळं मी नावाड्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. माझा आवाज भरून आला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्या विमानांचं नाव काढलं तरी माझी आजी चिडायची. विमानांच्या तळासाठी लष्कराने गाव उठवलं, त्यात तिचं घर गेलं आणि माडही गेले.

मी इतक्या वर्षांत या तळाबद्दल जे काही वाचलं, त्यात त्या माडांचा विचार कधी केला नव्हता. मी विचारलं, घर कुठे होतं? त्याने धावपट्टीच्या कुंपणाकडे हात केला आणि इंजिन सुरू केलं.