तुम्ही विचारलंत म्हणून: क्रूझवरसुद्धा मी डॉलरचा हिशोब का धरते

मंडळाच्या गणपतीत विचारलं गेलं, दिवाळीच्या पॉटलकला विचारलं गेलं, परवा एका बारशातही कुणीतरी पुरणपोळी वाढता वाढता विचारलंच. "क्रूझला जायला पैसे आहेत, मग चलन बदलण्याच्या दोन-अडीच टक्क्यांसाठी एवढी झिगझिग कशाला? कार्ड द्यायचं आणि मोकळं व्हायचं." तुम्ही हसत विचारता, मीही हसून विषय बदलते. पण माझ्यामागे 'चिकट' हा शब्द निघतो, तोही कानावर आलाय. म्हणून आज सगळं सांगते.

बाल्कनीची केबिन घ्यावी की आतली, हे तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते सोडून देऊ. मला खुपतं ते वेगळंच. अलास्काचं जहाज व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेसवरून सुटतं. आपण कॅनडातल्याच ओंटारिओहून विमानाने तिथे जातो, म्हणजे देश सोडलेलाच नसतो. तरीही जहाजावर पाऊल टाकलं की कॉफीपासून वायफायपर्यंत सगळं अमेरिकन डॉलरमध्ये. माणशी रोजची टिपच 16 ते 20 अमेरिकन डॉलरच्या आसपास. चार माणसं, एक आठवडा, करा गुणाकार. त्यावर आपली बहुतेक कॅनेडियन कार्डं चलन बदलण्याचे अडीच टक्के लावतात, आणि ते स्टेटमेंटवर बहुधा वेगळे दाखवत नाहीत, दरातच मुरवलेले असतात. दिसत नाही म्हणून टोचत नाही, एवढंच.

मी 2011 मध्ये कॅनडात आले तेव्हा आपला कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचा होता, काही महिने तर वरचढही. तेव्हा ऑफिसातली एक बाई सुट्टीआधी वर्षभर थोडे थोडे अमेरिकन डॉलर साठवायची. मला तिचं नवल वाटायचं. आयुष्य का असं मोजत जगायचं? मग जानेवारी 2016 मध्ये आपला डॉलर 70 सेंटच्याही खाली गेला आणि फ्लोरिडातल्या एका साध्या जेवणाचं बिल बघून आम्ही दोघं गप्प बसलो. त्यानंतर मी अमेरिकन डॉलरचं खातं उघडलं आणि त्याच बँकेचं अमेरिकन डॉलरमध्ये बिल येणारं क्रेडिट कार्ड घेतलं. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या बँका असं कार्ड देतात. दर बरा असला की थोडे डॉलर घेऊन ठेवायचे आणि बिल त्यातूनच भरायचं, म्हणजे प्रत्येक कॉफीला चलन बदलायला नको. यात चिकटपणा कुठे आला? घरी आपण गव्हाचं पोतं हंगामात भरायचो, तसंच हे.

पण तुम्ही विचारता ते या व्यवस्थेबद्दल नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही विचारता ते त्या अलास्काच्या सफरीबद्दल. बाबा आजारी असताना मी काउंटरवर दराबद्दल भांडत उभी होते, ही गोष्ट तुमच्यापर्यंत कशी पोचली तेही मला माहीत आहे. मग पूर्ण तरी ऐका.

आई-बाबा त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. जूनो बघून झालं, स्कॅग्वे बघून झालं, आणि परतीच्या वाटेवर पहाटे बाबांना दम लागला. जहाजाचं मेडिकल सेंटर अगदी खालच्या डेकवर. एक्स-रे काढला, न्यूमोनिया निघाला. ऑक्सिजन लावला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. डॉक्टर आणि नर्स दोघांनी मनापासून केलं, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. मात्र तिथला खर्च जहाजावरच्या आपल्या खात्यात पडतो. आधी आपण भरायचा, मग विम्याकडे मागायचा. विमा काढलेला होता.

बाबा पेन्शनर माणूस. नाकावर मास्क असताना त्यांनी दोन बोटं एकमेकांवर घासून मला विचारलं, किती? मी म्हटलं, विमा आहे बाबा, तुम्ही झोपा. त्यांनी डोळे मिटले, पण ओठ हलत होते. ते साठाने गुणत होते. रुपये करत होते.

शेवटच्या संध्याकाळी स्टेटमेंट काढलं. मेडिकलचे 3,400 अमेरिकन डॉलर. खाली बारीक अक्षरात एक ओळ: आपल्या सोयीसाठी ही रक्कम आपल्या कार्डाच्या चलनात, दर 1.41, म्हणजे 4,794 कॅनेडियन डॉलर. बाजारात त्या दिवशी दर 1.36 होता. शिवाय माझं कार्ड कॅनेडियन चलनाचं नव्हतंच. बँक कॅनडाची, एवढं बघून त्यांच्या यंत्रणेने चलनही कॅनेडियन धरलं. म्हणजे काय होणार, ते मला तिथेच दिसलं. जहाज अमेरिकन डॉलरचे कॅनेडियन करणार, स्वतःचा नफा काढून. माझी बँक त्याच कॅनेडियनचे परत अमेरिकन करणार, वर अडीच टक्के घेऊन. माझ्या खात्यातून 3,400 ऐवजी 3,613 अमेरिकन डॉलर जाणार. पैसा निघाला तिथेच परत आला, आणि दोन नाक्यांवर टोल भरून आला.

मी वर गेले. रांग मोठी होती. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, विशीतला असेल. तो म्हणाला, मॅडम, प्रवासाच्या अटींत तुम्ही हे मान्य केलंय, आणि बदलायची मुदत काल संपली. काल मी मेडिकल सेंटरमध्ये बाबांच्या उशाशी होते. हे मी त्याला सांगितलं. त्याने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी तीच वाक्यं जास्त सावकाश म्हटली. माझा आवाज चढला, हो. मागे आपल्यातलंच एक जोडपं उभं होतं, त्यांनी जे पाहिलं ते एवढंच. नवरा खाली बाबांजवळ होता, हे त्यांना दिसायचं कारण नव्हतं. दर काही बदलला नाही.

घरी आल्यावर विम्याने पॉलिसीतल्या दराने पैसे दिले. जहाजाच्या नफ्याचे आणि माझ्या बँकेच्या शुल्काचे दिले नाहीत, आणि का द्यावेत त्यांनी? बँकेशी पत्रव्यवहार केला. त्यांनी स्वतःचे अडीच टक्के परत केले. जहाजाच्या दराचं काही झालं नाही.

मला उरलेल्या 125 डॉलरचं दुःख आहे का? खरं सांगायचं तर आहे, पण त्या रकमेने आम्ही बुडालो नसतो. मला सहन होत नाही ते न विचारता घेणं. दुकानदाराने भाव सांगावा, मी हो म्हणीन किंवा उठून जाईन. इथे माणूस ऑक्सिजनवर असताना सोयीच्या नावाखाली हात खिशात जातो आणि मुदत काल संपलेली असते. 2011 मधली मी इथे मध्येच बोलते. ती म्हणते, तो अर्धा तास तू बाबांपाशी बसली असतीस तर? तिला माझ्याकडे उत्तर नाही. नवरा होता तिथे, असं मी म्हणते. ती म्हणते, तू नव्हतीस.

आता मी काय करते, तेही विचारता म्हणून. जहाजावर चढल्या दिवशीच काउंटरवर जाते आणि माझ्या कार्डावर अमेरिकन डॉलरमध्येच रक्कम टाका, असं लिहून घेते. कागदाचा फोटो काढते. बंदरातल्या दुकानात मशीनने 'कॅनेडियन की अमेरिकन' विचारलं तर अमेरिकन दाबते. ज्यांना दुसरं खातं नको त्यांनी परकीय चलनाचं शुल्क न लावणारं एखादं कॅनेडियन कार्ड घ्यावं, स्कोशियाबँकेचं पासपोर्ट व्हिसा तसं आहे, पण त्याला वार्षिक फी आहे. कधीतरीच जाणाऱ्याला ती परवडेलच असं नाही. तिकीट मात्र ओंटारिओतल्या नोंदणीकृत एजंटाकडून कॅनेडियन डॉलरमध्ये घ्यायला माझी हरकत नसते, कारण एजंट किंवा कंपनी बुडाली तर इथल्या भरपाई निधीकडे दाद मागता येते.

मोठी रक्कम बदलायची असेल तर बँकेच्या खिडकीवर जाऊ नका. टोरंटोच्या शेअरबाजारात डीएलआर नावाचा फंड आहे, तो अमेरिकन डॉलर धरून ठेवतो आणि दोन्ही चलनांत विकला जातो; तो कॅनेडियन डॉलरमध्ये घ्यायचा, ब्रोकरकडून तो अमेरिकन बाजूला वळवून घ्यायचा आणि तिथे विकायचा. याला नॉर्बर्टचा डाव म्हणतात. दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावातला थोडा फरक एवढंच जातं, पण काही दिवस लागतात. नवऱ्याचं म्हणणं, यात माझा गेलेला वेळ मी कधीच धरत नाही. बरोबर आहे त्याचं. आमच्या खात्यात पडून राहिलेल्या अमेरिकन डॉलरवर व्याजही जवळजवळ शून्य मिळालं. एकूण हिशोबात मी पुढे आहे की मागे, यावर आमची दोन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि दोघांकडे आकडे आहेत.

डिसेंबरमध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून क्रूझला जायचं घाटतंय. खात्यातले डॉलर पुरणार नाहीत. आत्ता बदलावेत की दर उतरायची वाट पाहावी, यावर काल रात्री पुन्हा वाद झाला, आणि तिकीट अजून काढलेलं नाही.