कथलाचा मावळा: काम कुठवर आलं

डॅनिश लेखक हान्स अँडरसनच्या १८३८ सालच्या गोष्टीतला एकपायी कथलाचा शिपाई आमच्या फिल्ममध्ये दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा झालाय. मूळ गोष्टीत एका जुन्या चमच्यातून २५ शिपाई ओततात, शेवटच्याला कथील पुरत नाही. ते तसंच ठेवलं. गटारातला प्रवास परतीच्या पावसात बसतो, आणि शेवटी शिपाई आणि त्याची लाडकी कागदी नर्तकी ज्या शेगडीत जळतात आणि राखेत कथलाचं हृदय उरतं, तिच्या जागी कसब्यातल्या वाड्यातला तांब्याचा बंब.

पटकथेतली खरी अडचण म्हणजे नायक हलतच नाही. गणवेशात ओरडणं शोभत नाही म्हणून तो हाकही मारत नाही. गोष्टीचा जीव तिथेच आहे, म्हणून त्याला संवाद नाहीत, निवेदनही नाही. स्टॉप-मोशनमध्ये, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढून केलेल्या फिल्ममध्ये, आजूबाजूचं जग हलतं, तो नाही. सांधे लागत नाहीत, पण नजर स्थिर वस्तूवर टिकते आणि फ्लिकर, म्हणजे फोटोगणिक उजेडात पडणारा फरक, लगेच खुपतो. कॅमेऱ्यातून चालणारं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, दर फोटोला किंचित वेगळं मिटतं. जुनी मॅन्युअल लेन्स वापरावी. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर दोन-दोन फ्रेमना एक पोझ धरली तर मिनिटाला ७५० फोटो होतात.

ओतकाम. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे घरच्या गॅसवर लोखंडी पळीत भागतं. कल्हईवाल्याकडून शिसं न मिसळलेलं कथील मागून घ्या. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, दोन भागांत. बाहेरून सुकलेला साचा आत ओला असतो आणि ओतताक्षणी वाफेने तापलं कथील तोंडावर उडवतो. उन्हात ठेवून रोज वजन करायचं. वजन उतरायचं थांबेपर्यंत ओतायचं नाही. गॉगल आणि चामड्याचे हातमोजे हवेतच. भाल्याच्या टोकाशी हवा अडकून टोक अर्धवट राहतं. तिथून साच्याच्या कडेपर्यंत सुरीने बारीक चर काढला की भरतं. साचा गार असेल तर धातू घोट्यापाशीच थिजतो, म्हणून आधी गरम करून घ्यावा. पायात १ मिलिमीटरची स्टीलची तार घातली की तो मोडत नाही.

होडी वर्तमानपत्राची, वितळलेल्या मेणात बुडवलेली. कथलाच्या वजनाने ती कलंडते. होडीत एपॉक्सी पुट्टीची रंगवलेली हलकी प्रत बसवली आहे. पाण्याचे थेंब लहान करता येत नाहीत, तेवढ्यावरून पडद्यावर गटार छोटंसं गटारच दिसतं, मावळ्यापुढची नदी वाटत नाही. उपाय वेगाचा: सेकंदाला १०० फ्रेमने चित्रित करून २५ ने दाखवलं की पाणी चौपट संथ होतं आणि सुमारे सोळापट मोठं भासतं. हे दिवसाउजेडी करा. घरगुती विजेचे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि फुटेजमध्ये पट्टे येतात.

बंबाचा शॉट बाकी आहे. शुद्ध कथील आधी मऊ पडत नाही, एकदम कोसळतं; इथेही १०० फ्रेम लागतील. ते जाळीतून राखेत गळतं, गोष्टीलाही तेच हवंय. पण राखेत हृदयाचा आकार आपोआप बनत नाही, तो वेगळा ओतून ठेवायचा. कागदी नर्तकी मात्र क्षणात जळून जाते. तिच्यासाठी पतंगाचा कागद आणि जाड कार्डशीट दोन्ही जाळून बघणार आहोत.