पोलिश जोडशब्दांचा सराव : सांधा, अक्षरे आणि आघात

मागील नोंदीनंतर लांब पोलिश सामासिक शब्द फोडण्याचा सराव नेटाने चालू ठेवला असून, शब्द समोर येताच आधी सांध्यावरचा, म्हणजे दोन पदे जुळतात तिथला, 'ओ' हा स्वर शोधण्याची सवय आता अंगवळणी पडली आहे. वाफ म्हणजे 'पारा', गाडी म्हणजे 'वुस'. पहिल्या पदाचा अंत्य 'आ' जाऊन तेथे 'ओ' आला की 'पारोवुस', म्हणजे वाफेचे इंजिन, तयार होते. पहिले पद क्रियापदाचे असल्यास सांध्यावर 'इ'ही येतो. 'वामिग्वुफ्का' म्हणजे कोडे, आणि त्याची घडण आपल्या 'डोकेफोड'सारखीच, फक्त पदांचा क्रम उलटा.

अक्षरे मोजताना उच्चारातला प्रत्येक स्वर एक अक्षर देतो. मात्र लेखनात दुसऱ्या स्वराआधी येणारा 'इ' बहुधा व्यंजनाचे मृदुत्वच दाखवतो, म्हणून तो मोजायचा नसतो. हे एकदा पटले की 'नव्याण्णव वर्षांचा' या अर्थाचे लांबलचक विशेषणही जे-व्येंज-जे-शेन-चो-जे-व्येन-चो-लेत-नी असे दहा अक्षरांत सुटते आणि आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नियमाप्रमाणे उपांत्य 'लेत'वर पडतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना घटकपदांची सीमा पाळावी लागते. 'शोस्त्रा' (बहीण) हा साधा शब्द 'शो-स्त्रा' किंवा 'शोस्-त्रा' असा दोन्ही प्रकारे तोडता येतो. पण 'ओस्त्रोस्वुप' (भूमितीतला पिरॅमिड) सांध्यावर 'ओस्त्रो-स्वुप' असाच तोडावा.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो संयोगचिन्हाचा नियम, कारण तो थेट आपल्या द्वंद्व आणि कर्मधारय या भेदाशी जुळतो. 'झुव्तोझेलोनी' सलग लिहिले तर पिवळसर झाक असलेला हिरवा. मध्ये संयोगचिन्ह दिले तर पिवळा आणि हिरवा असे दोन स्वतंत्र रंग. पोलंडच्या ध्वजाचे 'ब्यावो-चेर्वोनी', म्हणजे पांढरा-लाल, हे विशेषण म्हणूनच संयोगचिन्हाने लिहितात.

सांधास्वर न घेता जुळलेले शब्द अजून पक्के व्हायचे आहेत. प्रजासत्ताक या अर्थाच्या, देशाच्या अधिकृत नावातल्या 'झेच्पोस्पोलिता' या शब्दात आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर, 'पो'वर, येतो आणि षष्ठीत 'झेचिपोस्पोलितेय' अशी दोन्ही पदे विकार पावतात. आपल्या अलुक् समासात पूर्वपदाची विभक्ती टिकते, पण ती वाक्यागणिक बदलत नाही; येथे ती बदलते, म्हणून या गटाची विभक्तिरूपे सध्या स्वतंत्र तक्त्यात लिहून घेत आहे.