होडीतला फुगा

शुक्रवार, रात्र

दादाला आठवतच नाही.

मी फोनवर एवढंच विचारलं, की होडीत बसल्यावर वेताळ पणजोबांना काय म्हणतो रे? तर म्हणाला, "खयचो वेताळ गो?" मागे टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. मी म्हटलं, अरे, तो मुखवटेवाला, फँटम, आपलं ते फाटकं इंद्रजाल कॉमिक, तूच नाही का सांगायचास, पडवीत बसून. "माका काय आठवना नाय. तुका काय होया ता सरळ सांग बघू."

मला काहीच नको होतं. मग पाऊस किती झाला, आईच्या गोळ्या आल्या का, गणपतीत रजा मिळतेय का, एवढं बोलून फोन ठेवला. तेव्हा साडेआठ वाजले होते. आता अकरा वाजून गेलेत आणि मी अजून तिथेच आहे.

मंगळवारी पार्सल आलं, पुण्याच्या काकांचं. कॉमिक कॉनच्या, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या मेळ्याच्या, रांगेत त्यांना मी हातवारे करून एक चौकट सांगितली होती: गलबताची डोलकाठी, दोरावरून उतरणारा वेताळ, खाली माना वर करून बघणारे चाचे. वेताळाच्या कितीतरी गोष्टींत अशी चौकट सापडेल. पण माझ्याकडे सांगायला तेवढंच होतं. आमच्या प्रतीला मुखपृष्ठ नव्हतं, म्हणून नाव नव्हतं, क्रमांक नव्हता. दोन पिनांवर तोललेल्या पुस्तकाचं असंच होतं. बाहेरचा ताव सुटला की मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एकदम जातं, त्याच्या लगतचा आतला सुटला की पहिलं आणि शेवटचं पान जोडीने जातं. ती गोष्ट आमच्या घरी आली तीच शेंडा-बुडखा नसलेली.

काकांनी अंक शोधून काढला. मराठीतला, पूर्ण. पिना गंजल्या आहेत पण जागेवर आहेत. कडा तपकिरी, रंग अजून चांगले. पहिल्या पानावर कुणा मुलाने निळ्या शाईत आपलं नाव लिहून मग ते गिरवून गिरवून खोडलंय. त्याच्याबद्दल नंतर कधीतरी.

हात धुतले, कोरडे केले, पंखा बंद केला आणि बसले. पहिल्या पानापासून सावकाश वाचायचं ठरवलं होतं. तरी हात सरळ शेवटच्या पानावर गेला.

वेताळाच्या गोष्टी संपतात तशीच तीही संपते. ठोसा, म्होरक्याच्या जबड्यावर कवटीची खूण, चाचे कैदेत, वेताळ परत कवटीच्या गुहेकडे. अंकाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की तेच त्या गोष्टीचं नाव होऊन बसेल, आणि आमच्यासाठी तिला कधी नावच नव्हतं.

त्या शेवटात वाईट काही नाही, हे मला कळतं. ली फॉकने १९३६ साली वेताळ सुरू केला तो वर्तमानपत्रासाठी, रोजच्या थोड्याशा चौकटींचा. आपल्याकडे १९६४ साली इंद्रजाल निघालं तेव्हा त्या पट्ट्या कापून, जोडून त्यांची पानं केली गेली. ठरलेल्या पानांत गोष्ट बसवायची म्हणजे शेवट झटपटच होणार. हे सगळं मी लोकांना हौसेने सांगत असते. तरी ते पान वाचल्यावर मला आधी चीड आली, कुणीतरी आमच्या गोष्टीचा शेवट परस्पर बदलल्यासारखी. चीड गेली आणि मग जे उरलं त्याला काय म्हणावं ते समजेना, म्हणून तर दादाला फोन केला.

दादाचा शेवट लिहून ठेवते.

डेंकालीचा, म्हणजे वेताळाच्या मुलखाचा, किनारा त्याने कधीच देवगड तालुक्यात आणून ठेवला होता. वेताळ म्होरक्याला मारत नाही. तो गलबताचं सुकाणू हातात घेतो आणि गलबत सरळ विजयदुर्गासमोर नेतो. तिथे समुद्रात पाण्याखाली भिंत आहे, शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची, हे आमच्याकडच्या पोरांना शाळेत जायच्या आधी माहीत असतं. चाच्यांना मात्र माहीत नसतं. "गलबत फुटला, चाचे बुडाले, वेताळ पोहत भायर इलो." हे वाक्य दादा एका दमात म्हणायचा आणि मग थांबायचा, कारण पुढचा भाग त्याच्या आवडीचा.

वेताळाच्या चपला पाण्यात गेलेल्या असतात. म्हणून तो किनाऱ्याने दक्षिणेकडे चालायला लागतो, आरवलीला. वेतोबाच्या देवळात लोक नवसाच्या मोठाल्या चामडी चपला वाहतात, देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, हे आजीने सांगितलेलं. आमच्या लेखी तो राखणदार आणि हा मुखवटेवाला दोघे वेगळे नव्हतेच. गुहा डेंकालीत, चपला आरवलीला, सगळं नीट बसत होतं. देवगड, मिठबाव, आचरा, मालवण, असं करत तो कर्लीच्या खाडीशी येतो. रात्र, भरती. पलीकडे जायला एकच होडी, ती आमच्या पणजोबांची.

होडीत वेताळ काहीतरी बोलतो. दादा ते आवाज जड करून म्हणायचा. एकच वाक्य होतं, लहानसं, कॉमिकमधल्या बोलण्याच्या एका फुग्यात मावेल एवढं. ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. उतरल्यावर वेताळ पैसे देत नाही, डाव्या हातातल्या अंगठीने शुभखूण देतो, म्हणजे त्या घराला कुणी हात लावायचा नाही. इथे दादा पडवीच्या खांबावरच्या काळ्या डागाकडे बोट दाखवायचा.

तो खांब आता नाही. असो.

ते वाक्य मला आठवत नाही. आवाज आठवतो, दादाचे गुडघे आठवतात, कंदिलाची काच कुठे तडकली होती ते आठवतं. वाक्य नाही.

माझ्याकडे काय नाही! पत्र्याच्या दोन ट्रंका भरून अंक आहेत. त्यांची जेवढी काळजी घेते तेवढी मी माझ्या पाठीची घेतली नसेल. वर्तमानपत्री कागद हवेने आणि उजेडाने आपणहून पिवळा पडतो, त्याला इलाज नाही, पण बाकीचं आपल्या हातात असतं. मुंबई-पुण्याचे लोक प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत पुठ्ठा घालून बंद करतात. काकांनीही तसाच पाठवला. आमच्याकडे आषाढात त्या पिशवीला आतून घाम येतो, आणि आठ दिवसांत पानांवर बुरशीचे ठिपके. मी पिशवी काढून टाकते. धुतलेल्या सुती कापडात चार-चार अंक, मध्ये वेखंडाचे तुकडे, वाळवलेला कडुलिंब, ट्रंक जमिनीपासून वर फळ्यांवर. दसरा झाला की माजघरात चटईवर सगळे पसरायचे, वारा द्यायचा, ऊन लागू द्यायचं नाही. कसर दिसली तर तो अंक वेगळा काढायचा. गंजलेली पिन ओढायची नाही, आतून हलकेच उकलायची, नाहीतर गंजासकट कागद येतो. एवढं सगळं येतं मला. वेताळ आहे, जादूगार मँड्रेक आहे, आबिद सुरतींचा बहादूर आहे, तो १९७६ साली आला. कुठला अंक कुठल्या कापडात आहे ते अंधारात हात घालून सांगेन.

आणि ज्याची प्रत कुठेच नाही, ते एक वाक्य फक्त दोघांकडे होतं. त्याच्याकडून गेलं, माझ्याकडून गेलं.

आज जेवताना हे कुणाला सांगावं ते कळेना. घरात सांगितलं असतं तर "पुस्तक मिळालं ना शेवटी, मग?" असं विचारलं असतं. ऑफिसात तर माझ्या या छंदाचा विषय मी काढतच नाही. वर्षातून एकदा कोकणकन्येने रात्री निघून पहाटे मुंबईत उतरायचं, दोन दिवस हॉलमध्ये पाय दुखेपर्यंत फिरायचं. दिल्लीत २०११ साली हे कॉन सुरू झालं आणि मग मुंबईत आलं, तेव्हा मला वाटलं होतं, आता आपली माणसं भेटतील. भेटतात ती फार गोड पोरं असतात. स्पंजच्या तलवारी, रंगवलेले केस, स्वतः शिवलेले अंगरखे, आणि त्या एका वेषासाठी महिनोन्महिने खपलेली. मी त्यांचे फोटो काढते, त्यांना शिलाई विचारते, ती सांगतात. पण वेताळ म्हटलं की त्यांना विक्रमाच्या खांद्यावरचा आठवतो. एका टेबलावरच्या मुलाने मला विचारलं, "मावशी, मुलांसाठी बघताय का?" त्याला सांगावंसं वाटलं, की अरे, अमर चित्रकथा सुरू करणारे अनंत पै त्याआधी इंद्रजालच्या कामात होते, तुझ्या या टेबलाचा रस्ता तिथून निघालाय. रांग मोठी होती. त्याने वाकून एक अंक माझ्या पिशवीत घातला.

आज संध्याकाळपासून हेच मनात येतं, की आपण इतकी वर्षं एकट्यानेच बसलो आहोत या ट्रंकांवर.

पण काका भेटले ते रांगेतच. मी हवेत डोलकाठी काढून दाखवत होते आणि त्या माणसाने हसण्याऐवजी विचारलं, "दोर डाव्या बाजूला होता की उजव्या?"

संग्रह करणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असते. इंग्रजी इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत, तेव्हा संप होता. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं तोवर आठशेच्या वर अंक झाले, पण कुणाचीही ओळ सलग लागत नाही. नवखा माणूस त्या दोन अंकांच्या मागे लागतो, मग कुणीतरी त्याला सांगतं, आणि तो शांत होतो. मला त्यांची कधी हळहळ वाटली नाही. मघापासून स्वतःला सांगून बघतेय, की होडीतल्या वाक्यालाही तसंच धरावं. नाही धरता येत. ते अंक निघालेच नव्हते. हे वाक्य निघालं होतं, मी ऐकलं होतं.

पिंगुळीला मागे चित्रकथी बघायला गेले होते, ते आत्ता आठवलं. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात जे संग्रहालय मांडलं ते; त्यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. ठाकर समाजातल्या या लोकांच्या पोथ्या म्हणजे सुट्या चित्रांची चळत. राम, सीता, मारुती, राक्षस, सगळे बाजूने काढलेले, मोठ्या डोळ्यांचे. चित्रावर गोष्ट लिहिलेली नसते. एकेक चित्र समोर धरायचं, वीणा आणि टाळ सुरू, आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडून यायची. तेव्हा मी, इंद्रजाल जमवणारी बाई, मनात म्हणत होते, अरेरे, शब्द कुणी लिहून कसे ठेवले नाहीत. केवढा वेळ त्या कागदाच्या जाडीकडे आणि रंगाकडेच बघत होते.

दादाने तेच केलं होतं. समोर फाटकी चित्रं, पुढचं त्याच्या तोंडून. त्याला रोज तेच वाक्य येत असेल असं तरी मी का धरून चालले आहे? कदाचित रोज वेगळं असेल. दहा वर्षांचा मुलगा, बहीण शेवटचं पान नाही म्हणून रडतेय, आई चुलीशी, अप्पा आलेले नाहीत. त्याने त्या वेळेपुरतं काम भागवलं. त्याने ते जपून का ठेवावं? जपणारी मी. एकाच पडवीत वाढून आमच्या वाट्याला वेगवेगळी कामं आली, एवढंच. असं म्हटलं की जरा बरं वाटतं. पूर्ण नाही.

त्याच्यावर रागावता येत नाही. फोनवर त्याचा आवाज दमलेला होता. वहिनी म्हणत होती की हल्ली

जाऊ दे. त्याबद्दल आज नाही.

नवा अंक ट्रंकेत ठेवला, मँड्रेकच्या कापडात, कारण वेताळाच्या गठ्ठ्यात आमची फाटकी प्रत आहे आणि दोघांना आत्ताच शेजारी ठेवायला नको वाटलं. फाटकी बाहेर काढलीय. गणपतीत दादाची पोरं येतील, त्यांना तीच देणार. धाकटीला अजून वाचता येत नाही, म्हणजे सांगावंच लागेल. होडीपर्यंत मी सांगू शकते. पुढे वेताळ काय बोलतो ते मी माझ्या मनाने घालणार नाही, तिलाच विचारीन. तिचं वाक्य मला आवडेल की नाही कुणास ठाऊक.

उद्या सकाळी काकांना अंक पोचल्याचं कळवायचं, पैसे पाठवायचे. आणि त्यांना विचारायचंय, की त्यांच्या लहानपणी शेवटची पानं नसलेले अंक घरात आले तेव्हा पुढचं कोण सांगायचं. त्यांना जे आठवत असेल ते सांगा म्हणेन, आणि त्यांची हरकत नसेल तर लिहून घेईन. कॉनमध्येही आता हे विचारायला हवं. कुणाकुणाकडे असे शेवट असतील, ते अजून कुणी जमवलेले नाहीत.