पवईत दोन रात्री 'लेक व्ह्यू': बिल आदल्या रात्रीच मागून घ्या

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने हट्टाने पवईतल्या एका भारी हॉटेलात दोन रात्री बुक करून दिल्या, आम्ही दोघं आणि सासूबाई. हॉटेलचं नाव लिहीत नाही. बुकिंग कसं करायचं वगैरे तुम्हाला येतच असणार, मी फक्त जिथे जिथे आमचा खिसा कापला गेला तेवढंच सांगते.

पण आधी रस्ता. पुण्याहून शुक्रवारी पहाटे निघालो, एक्सप्रेसवेचे 320 रुपये भरले, ऐरोलीला छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 पासून माफ आहे त्यामुळे तिथे सुटलो आणि म्हटलं झालं, आता पोचलोच. कसलं काय! जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मेट्रो 6 चं काम चालू, दोन्हीकडे पत्रे, मधे ट्रक अडकलेला, आणि चार-पाच किलोमीटरला सव्वा तास!! नवऱ्याने स्टेअरिंगवर डोकं टेकून अक्षरशः डुलकी काढली. शुक्रवारी गाडी नेऊच नका, मी तर म्हणते पुण्याहून ठाण्याला थांबणारी ट्रेन पकडा, तिथून स्लो लोकलने कांजूरमार्ग आणि पुढे रिक्षा. रिक्षाला गेटच्या आत सोडत नाहीत, पोर्चपर्यंत बॅग ओढत चढ चढायचा. एअरपोर्टकडून येणाऱ्यांनी तर हॉटेलची गाडी अजिबात मागवू नका, आम्हाला टी-टूसाठी (एअरपोर्टचं टर्मिनल 2) 2,800 सांगितले होते.

चेक-इन दुपारी तीनला, आधी रूम हवी तर 2,500. नाही म्हटलं आणि लॉबीत बसलो. मग काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, मॅम, फक्त दोन हजार एका रात्रीचे, लेक व्ह्यू देते. आम्ही भुललो. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे दोन रात्रींचे 4,720 झाले हे नंतर कळलं. रूममध्ये जाऊन पडदा सरकवला तर खाली पार्किंगचं छप्पर, पुढे झाडं आणि त्यामागे हिरवीगार सपाट पट्टी, मला आधी क्रिकेटचं मैदान वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पण तळं कुठाय?" ते तळंच होतं, वर जलपर्णी. पैसे भरायच्या आधी ज्या रूमचे पैसे भरताय तीच उघडून दाखवा म्हणावं, दाखवतात, आम्ही लाजलो म्हणून फसलो. आणि तळंच बघायचं तर काठाने फुकट चालता येतं, फक्त पाण्याच्या कडेला उतरू नका, पवई तलावात मगरी आहेत, थट्टा नाही.

आता टॅक्सचं नीट वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून रूमचा रात्रीचा दर 7,500 पर्यंत असेल तर 5 टक्के, त्याच्या वर 18. म्हणजे 7,400 ची रूम 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. दोनशे रुपयांच्या फरकाला बाराशे! आणि साठ-साठ रुपये मागणाऱ्या पार्किंगवाल्याला आपण नावं ठेवतो.

खाण्याचं त्याहून वाईट. रात्री रूमवर क्लब सँडविच मागवलं, 850. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या दोन्हींवर मिळून 18 टक्के जीएसटी, एकूण 1,103. सँडविचला! बाहेर पवईतल्याच हिरानंदानी वसाहतीत साध्या रेस्टॉरंटात जीएसटी 5 टक्केच लागतो, तिथे जेवा.

सर्व्हिस चार्ज मात्र मुकाट्याने भरू नका, तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला स्पष्ट सांगितलंय की बिलात आपोआप लावायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवलं. मी शनिवारी रात्री दहालाच बिल मागवलं (सकाळी काउंटरला रांग असते, तिथे कुणी वाद ऐकून घेत नाही), दोन दिवसांच्या 9,400 च्या खाण्यावर 940 लावलेले. ड्यूटी मॅनेजर म्हणे हॉटेल पॉलिसी आहे. मी म्हटलं ठीक आहे, 1915 ला (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन लावते. पाच मिनिटांत 940 आणि त्यावरचा जीएसटी, मिळून 1,109 रुपये बिलातून गेले. त्याच बिलात मिनीबारचे काजू, 450. सासूबाईंनी शांतपणे पर्समधून न फोडलेलं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं, नातवासाठी घेतलं होतं म्हणे, फुकट आहे असं वाटून. तेही कमी झालं. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका, हॉटेलवाल्यांना एमआरपीच्या वर लावायला सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच मोकळीक दिलीये.

शनिवार छान गेला, पूल, झोप, नाश्ता चांगला होता.

चेक-इनला मागतात ते डिपॉझिट क्रेडिट कार्डावरच द्या. आम्ही डेबिट कार्ड दिलं, 10,000 तिथल्या तिथे कापले आणि परत आले आठव्या दिवशी, तेही दोन फोन केल्यावर. निघताना डिपॉझिट सोडल्याची पावती मागा.

रविवारी सकाळी साडेसातला निघालो. तोच जेव्हीएलआर, बारा मिनिटं.