पलंगाखालच्या अकरा बाटल्या
चेंबूर कॅम्पात माझी संध्याकाळची ओपीडी असते. मागे एक सिंधी अम्मा आल्या, वय ८४, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा युरिन इन्फेक्शन, चक्कर, बीपी १८० च्या वर आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) पण थोडं चढलेलं. आधीचे दोन्ही कोर्स नीट पूर्ण केलेले, शुगर नाही, सोनोग्राफी नॉर्मल. सुनेला सहज विचारलं पाणी किती पितात, तर ती बिचारी एकदम बोलायलाच लागली की डॉक्टर पीतच नाहीत हो, नुसत्या बाटल्या भरतात आणि पलंगाखाली ठेवतात, अकरा झाल्यात, कुणाला हात लावू देत नाहीत, बिल्डिंग रिकामी करायची नोटीस लागली ना तेव्हापासून.

बाहेर पेशंट होते पण मी थांबले. अम्मांना पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी फक्त ओठ ओले केले आणि ग्लासवर तळहात झाकून बसल्या.

मग हळूहळू फाळणीची गोष्ट निघाली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर हजारो सिंधी हिंदू बोटीने मुंबईला आले. अम्मा तेव्हा सहा-सात वर्षांच्या. बोटीवर आई म्हणायची एकेकच घोट घे, संपलं तर कोण देणार. नंतर कल्याणच्या निर्वासितांच्या कॅम्पात नळाची रांग. मला म्हणाल्या, "बेटा, फिरसे निकलना है ना, पानी तो चाहिए."

आणि मी दोन वेळा फक्त गोळ्या बदलल्या होत्या, खूप वाईट वाटलं. डब्ल्यूएचओ सांगतं की युद्ध-संघर्षाच्या भागात राहिलेल्या दर पाच माणसांत साधारण एकाला मानसिक आजार असतो, पण आपल्या केसपेपरवर "घर कधी सोडलंत" असा रकानाच नाही. भीतीने बीपी चढतं हे तर शिकवतात, पण भीतीने माणूस पाणी पिणं सोडतो आणि किडनीला त्रास होतो हे मला अम्मांनी दाखवलं.

मी पाणी प्या म्हणून ओरडले नाही. ओळखीच्या काउन्सेलर ताईंना घरी पाठवलं, मुलाला सांगितलं भाड्याची नवीन जागा त्यांना आधी नेऊन दाखव, तिथला नळ सोडून दाखव. औषधं चालूच होती.

परवा फॉलोअपला आल्या, क्रिएटिनिन उतरलंय, बीपी १५०. पलंगाखाली अजून सात बाटल्या आहेत. सुनेला म्हटलं असू देत, फक्त पाणी रोज बदल.